काजळीतली फौज

आज सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या बनियनवर पहिली काजळी पडली. बारीक, कुरळी, झटकायला गेलं की पसरणारी. हंगाम सुरू झाल्याचं कुणाला भोंग्यावरून कळतं, कुणाला रस्त्यावर सांडलेल्या उसावरून. मला बनियनवरून कळतं. संगीता, माझी बायको, खालून ओरडली, "आली का हो?" मी म्हणालो, "आली." ती बादली घेऊन वर आली आणि दोरीवरचं सगळं अर्धवट ओलंच काढून घेऊन गेली. आता चैत्रापर्यंत आमच्या घरात कपडे पंख्याखाली वाळतील.

श्रीगोंद्याजवळच्या एका साखर कारखान्यात मी एकोणीस वर्षं केमिस्ट आहे. तासातासाला रसाचा नमुना घ्यायचा, त्यात किती साखर आहे ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. हंगामात सगळ्या गावाला उकळत्या रसाचा वास येतो. नव्या माणसाला तो दोन दिवस गोड लागतो, तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं धरतं. त्याखाली मळीचा आंबूस वास असतो, तो कपड्यांत मुरतो. लग्नाला गेलो तरी लोक ओळखतात की हे कारखान्याचे पाहुणे.

आणि घरी आल्यावर मी सैनिक रंगवतो.

हे वाक्य मी मुद्दाम एवढं सरळ लिहिलं, कारण बरीच वर्षं मला ते बोलता येत नव्हतं. पाहुणे आले की मी टेबलावर चादर टाकायचो. आता टाकत नाही. बोटाच्या पेराएवढे, धातूचे किंवा प्लॅस्टिकचे सैनिक असतात. ते कोरे येतात, राखाडी. त्यांना अंगरखा, पागोटं, ढाल, चेहरा, सगळं आपण रंगवायचं. मग टेबलावर माळरान मांडायचं, दोन फौजा समोरासमोर उभ्या करायच्या, शिंप्याच्या टेपने चाल मोजायची, फासे टाकायचे आणि लढाई खेळायची. एक लढाई दुपारभर चालते. मोठ्या शहरांत असे खेळणारे बरेच लोक आहेत म्हणे, त्यांचे क्लबही आहेत. आमच्या तालुक्यात माझ्या माहितीतले दोनच. एक मी आणि दुसरे मुनीरभाई पेंटर. दोन पुरतात, कारण फौजा दोनच लागतात. मात्र त्यातला एक गेला की उरलेल्याने नुसतं कपाट झाडत बसायचं. ही भीती मला चार वर्षांपूर्वीच्या हंगामात पहिल्यांदा वाटली, आणि पहिली काजळी पडली की दरवर्षी तो हंगाम मला आठवतो.

आमच्या शेजारी तांबे राहतात, साखरेच्या गोदामावर आहेत. ते मला भेटले की विचारतात, "काय केमिस्टसाहेब, लागली का बाहुल्यांची लग्नं?" हेच तांबे पाच दिवसांचा कसोटी सामना पाचही दिवस बघतात आणि सहाव्या दिवशी त्याची चर्चा करतात. त्यांना कुणी विचारत नाही की याचा उपयोग काय. मला मात्र सगळे विचारतात. सासरे विचारतात, साडू विचारतात, बँकेतल्या कॅशिअरनेसुद्धा एकदा विचारलं. उपयोग काहीच नाही, असं मी आता सांगून टाकतो. मी आयुष्यभर जी साखर बनवली तिचा उपयोग तरी काय झाला ते दवाखान्यात जाऊन विचारा. माझ्या सैनिकांनी अजून कुणाला इन्सुलिन घ्यायला लावलेलं नाही.

माझं लहानपण कर्जत तालुक्यातलं. तिकडे पाऊस कमी आणि चिंचा भरपूर. उन्हाळ्यात आई चिंचा फोडायची आणि चिंचोके माझ्या वाट्याला यायचे. निम्मे मी दगडावर घासून पांढरे करायचो, निम्मे तसेच तपकिरी ठेवायचो आणि ओसरीवर दोन फौजा मांडायचो. दिवाळीत गावातली सगळी पोरं मातीचा किल्ला करायची, त्यावर मावळे उभे करायची आणि भाऊबीज झाली की किल्ला मोडून मोकळी व्हायची. मला ते मोडणं जमायचं नाही. एका वर्षी मी डिसेंबरपर्यंत किल्ला राखला. शेवटी वडिलांनी खोरं आणून तो सपाट केला, कारण तिथे तुरीच्या शेंगा वाळत घालायच्या होत्या. ते रागावलेही नाहीत. त्यांना ते रागावण्याइतकं मोठं वाटलंच नाही. मला वाटतं, माझा सगळा हट्ट त्या खोऱ्यातून आला आहे.

मुनीरभाईंची ओळख ब्रशामुळे झाली. सैनिकाचे डोळे काढायला लागेल एवढा बारीक ब्रश मला गावात कुठे मिळेना. कुणीतरी म्हणालं, मुनीर पेंटरकडे जा. बाजारतळाजवळ त्यांचं दुकान होतं. म्हणजे आता ते त्यांच्या मुलाचं, आसिफचं, रेडियमचं दुकान आहे आणि त्याच्या एका कोपऱ्यात स्टुलावर मुनीरभाई बसतात. एके काळी तालुक्यातल्या निम्म्या ट्रॉल्यांवरची अक्षरं त्यांच्या हातची होती. मागे 'आईचा आशीर्वाद', बाजूला मोर, नंबराखाली मालकाच्या पोरांची नावं. पोळ्याला बैलांच्या शिंगांवर वेलबुट्टी काढून घ्यायला लोक त्यांच्याकडे रांग लावायचे. मग रेडियम आलं. मशीन अक्षर कापतं, आपण चिकटवायचं, पाच मिनिटांत गाडी रस्त्यावर. आसिफने ते मशीन आणलं तेव्हा मुनीरभाईंनी आपलं स्टूल उचलून कोपऱ्यात नेलं, असं तो स्वतः सांगतो.

मी खिशातून रुमालात गुंडाळलेला सैनिक काढला आणि म्हणालो, "याचे डोळे काढायचेत. बारीक ब्रश आहे का तुमच्याकडे?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, सैनिक नाकाशी नेला आणि बराच वेळ बघितला. "डोळं मागनं बघू," ते म्हणाले. "आदी ह्याचं नाक कुठं हाय ते दावा."

मी रंग इतका जाड थापला होता की नाक बुजलं होतं. मला तोवर ते दिसलंही नव्हतं.

"भिंत रंगवल्यागत रंगवलाय तुमी," मुनीरभाई म्हणाले. "मानूस हाय त्यो."

त्यांनी ब्लेडच्या टोकाने रंग खरवडला, नवा रंग पाण्यासारखा पातळ केला, दोन हात फिरवले, मग श्वास रोखून दोन ठिपके टेकवले. सैनिक माझ्या हातात परत आला तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. मी चाळिशीतला माणूस, भर बाजारात, रेडियमच्या दुकानात उभा होतो आणि मला आनंदाने काय करावं ते सुचत नव्हतं.

पुढच्या रविवारी ते स्वतःच घरी आले. संगीताला म्हणाले, "भाबी, साहेबाचं सैन्य बघाया आलोय." कपाटातले चाळीस सैनिक बघून त्यांनी विचारलं, "एवढंच? चाळीसात कसली लढाई व्हती?" त्यानंतर रविवार आमचा झाला.

भातवडीची लढाई मांडायचंही त्यांनीच काढलं. नगरच्या पूर्वेला ते गाव आहे, मुनीरभाईंचं आजोळ त्याच भागातलं. चारशे वर्षांपूर्वी तिथे मोठी लढाई झाली. एका बाजूला नगरची निजामशाही, दुसऱ्या बाजूला दिल्लीची आणि विजापूरची फौज एकत्र. निजामशाहीच्या वजिराने तळ्याचं पाणी सोडलं, शत्रूची छावणी चिखलात रुतवली आणि कमी माणसांत लढाई जिंकली, असं सांगतात. मुनीरभाईंना हे त्यांच्या मामांनी तळ्याकाठी म्हशी धूत असताना सांगितलं होतं. असले सैनिक बाजारात कुणी विकत नाही. मग आम्ही मिळतील ते परदेशी शिपाई मागवले, त्यांच्या टोप्या कापल्या आणि गाडीच्या टाकीला लावतात त्या पुट्टीच्या वळ्या करून त्यांना पागोटी बांधली. हत्ती जत्रेतले, रबराचे. दिल्लीची फौज माझी, वजिराची फौज मुनीरभाईंची.

एकदा आम्ही स्कूटरवर भातवडीला गेलो. तळ्यात पाणी थोडंच होतं, काठावर बगळे होते आणि एक माणूस मोटार दुरुस्त करत होता. मुनीरभाई खाली बसले आणि त्यांनी स्टीलच्या डब्यात चिखल भरून घेतला. मी म्हणालो, माझ्याकडे तपकिरी रंगाच्या पाच बाटल्या आहेत. ते म्हणाले, "चिखलाचा रंग बाटलीत गावत न्हाई." घरी येऊन आम्ही तो चिखल वाळवला, चाळला, डिंकात कालवला आणि प्रत्येक सैनिकाच्या पायाखाली लावला. तो डबा संगीताचा डाळीचा होता. तिने तो पुन्हा स्वयंपाकघरात घेतला नाही. आजही तो आमच्या रंगांच्या खणात आहे.

घरी येणारा माणूस टेबलाजवळ उभा राहतो आणि थोड्या वेळाने एकच प्रश्न विचारतो. "यातले आपले कोणते?" अगदी शिकलेली माणसंही विचारतात. मी सांगतो, दोन्हीकडे मराठे आहेत, दोन्हीकडे मुसलमान आहेत, ती लढाईच तशी होती. त्यांना हे उत्तर आवडत नाही. एक गृहस्थ तर म्हणाले, निशाणांचे रंग जरा बदला, म्हणजे बघणाऱ्याला सोपं जाईल. मी म्हणालो, बघणाऱ्याला सोपं जावं म्हणून मी रंगवत नाही. ते चहा न घेता गेले. संगीताला वाईट वाटलं. मला मुळीच वाटलं नाही.

चार वर्षांपूर्वी उसाची पहिली मोळी टाकून हंगाम सुरू झाला तेव्हा माझी फौज पूर्ण होती आणि वजिराच्या फौजेतले साठ सैनिक राहिले होते. त्यांचे कपडे, ढाली मी रंगवल्या होत्या. चेहरे कोरे होते, कारण चेहरे फक्त मुनीरभाईच काढायचे. आणि त्याच सुमाराला त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी त्यांनी लपवलं. चहा बशीत ओतायचं सोडून दिलं, कप दोन्ही हातांनी धरायला लागले. मग एका रविवारी ब्रश सैनिकाच्या कपाळावरून सरळ कानापर्यंत घसरला. दोघांनीही ते बघितलं. मुनीरभाईंनी चिंधी घेतली, रंग पुसला आणि म्हणाले, "आज हितंच थांबू."

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या देतो, पण हे हळूहळू वाढत जाणार. आसिफला बापाची काळजी होती. तो म्हणाला, "अब्बा, बास करा आता. डोळ्यांवर बी ताण, हातावर बी ताण. माझ्या मशीनवर बारकं डोळं कापून देतो पायजे तर. चिटकवा."

मुनीरभाई म्हणाले, "मानसाचं डोळं चिटकवत न्हाईत."

साठ चेहरे राहिले होते आणि हात किती दिवस पुरेल ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या हंगामात मी कारखान्यात रसाचे नमुने मोजत होतो, पण मनात दुसराच आकडा चालू असायचा. साठ. सत्तावन्न. बावन्न.

पेंटर मोठी पाटी लिहिताना हाताखाली एक काठी धरतात, तिच्यावर मनगट टेकवलं की अक्षर हलत नाही. एवढ्याशा सैनिकाला काठी कुठे टेकवणार? मुनीरभाईंनी एक वीट मागवली. बाटलीच्या बुचावर सैनिक चिकटवून बूच विटेवर ठेवलं आणि दोन्ही मनगटं विटेवर दाबून धरली. कंप येतो, थांबतो, पुन्हा येतो. तो थांबला की तेवढ्यात ब्रश टेकवायचा आणि उचलायचा. मी समोर बसून श्वाससुद्धा बेताने घ्यायचो. एखाद्या दुपारी आठ चेहरे व्हायचे. एखाद्या दुपारी एकही नाही. तशा दुपारी मुनीरभाई ब्रश धुवायचे, चिंधीला पुसायचे, त्याचं टोक ओठांनी सरळ करायचे आणि "चला" म्हणून उठायचे. तांबे कुंपणापलीकडून म्हणाले, "अहो, म्हाताऱ्याला कशाला छळताय? पुण्यात कुणाकडून तरी उरलेले रंगवून आणा." मी त्यांना त्यांच्या गोदामात जाऊन पोती मोजायला सांगितलं. आमचं बोलणं त्यानंतर महिनाभर बंद होतं.

फेब्रुवारीत शेवटचा चेहरा झाला. एका भालाईताचा. त्याचा डावा डोळा किंचित खाली उतरला. मुनीरभाई भिंग लावून बघत राहिले. मला वाटलं पुसतील. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. असली बी मानसं असत्यात."

आता वार्निश राहिलं होतं. मी म्हणत होतो बाजारातलं फवाऱ्याचं वापरू, दहा मिनिटांत वाळतं. मुनीरभाईंना ते पटेना. ट्रॉल्यांवर, पाट्यांवर ते जे घट्ट वार्निश लावत, तेच हवं. ते वाळायला अख्ख्या दिवसाचं ऊन लागतं, पण मग ऊनपावसात वर्षानुवर्षं टिकतं. हंगामात उघड्यावर ओलं वार्निश ठेवायचं कसं, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. क्लिनिंग.

दर काही आठवड्यांनी कारखाना नळ्या आणि भांडी साफ करायला दिवसभर थांबतो, त्याला आम्ही क्लिनिंग म्हणतो. चिमणी थंड, आकाश स्वच्छ. त्या दिवशी सगळं गाव गच्चीवर असतं. गोधड्या, चादरी, पांढरे सदरे, कुरडया, पापड, जे जे म्हणून काजळीला भितं ते सगळं उन्हात येतं. आमच्या गल्लीत आदल्या संध्याकाळी बायका मला विचारून ठेवतात की कारखाना पुन्हा किती वाजता सुरू होणार. मी आतला माणूस. त्या वेळी मी छाती काढून सांगितलं, "उद्या संध्याकाळी सहाला. तोवर बिनधास्त घाला."

सकाळी मी गच्चीवर दोन फळ्या मांडल्या आणि दोन्ही फौजा, दोनशे बारा सैनिक आणि सहा हत्ती, वार्निश लावून उन्हात उभ्या केल्या. शेजारी संगीताच्या कुरडया होत्या. मी तिला बजावलं, "हे ओलं आहे, बोट लागलं तर चेहरा निघून येईल. जग बुडालं तरी याला हात लावायचा नाही." मग मी मुनीरभाईंना घेऊन नगरला गेलो, त्यांना डॉक्टरांनी बोलावलं होतं.

दवाखान्यात आमचा नंबर यायचा होता तेव्हा संगीताचा फोन आला. दोन वाजले असतील. "अहो, भोंगा झाला," ती म्हणाली.

क्लिनिंग लवकर आटपलं होतं आणि बॉयलर पेटवला होता. पेटवताना पहिला तास सगळ्यात वाईट. थंड चिमणीतून साठलेलं सगळं बाहेर येतं.

"कुरडया काढल्या," ती म्हणाली. "गोधड्या काढल्या. पण तुमचं ते..." ती थांबली. "तुम्हीच म्हणालात हात लावायचा नाही."

मीच म्हणालो होतो. तिच्यावर ओरडायलाही मला जागा नव्हती.

पाच वाजता आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा समोरच्या जाधवकाकू दारात उभ्या होत्या. हातात सुनेची पांढरी चादर होती, काळ्या ठिपक्यांची. "केमिस्ट म्हनं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. गच्चीवर संगीता फळ्यांजवळ बसली होती. फळी एकटीने उचलली असती तर सगळे एकमेकांवर पडले असते. तिने वरून चादर धरता येते का ते बघितलं होतं, पण चादर टेकली असती तर सगळेच चिकटले असते. ती तासभर पुठ्ठ्याने वारा घालत बसली होती. तरी व्हायचं ते झालं होतं.

आता इथे कुणी लिहील की काजळीमुळे ते सैनिक खरे वाटायला लागले, लढाईहून आल्यासारखे दिसायला लागले. मी लिहिणार नाही. ते घाण दिसत होते. काजळीचे तुकडे वार्निशमध्ये रुतून बसले होते, गालावर, कपाळावर, हत्तीच्या पाठीवर. खाली उतरलेल्या डोळ्याच्या त्या भालाईताचं निम्मं तोंड काळं झालं होतं. तीन महिने, साठ चेहरे, ती वीट. मला रडू आलं आणि मी रडलो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मुनीरभाई पुढे आले. फळीसमोर उकिडवे बसले आणि एकेका सैनिकाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचा टाइम अन् तुमचा कारखाना." एवढंच. आमच्या ओळखीत ते माझ्यावर फक्त त्या दिवशी चिडले.

मी खाली गेलो आणि थिनरचा डबा आणि कापूस घेऊन वर आलो. डब्याचं झाकण उघडलं. थिनरने वार्निश निघतं, त्याबरोबर काजळी निघते, आणि खालचा रंगही निघतो. सगळे पुन्हा राखाडी झाले असते. मी कापूस भिजवला आणि पहिला सैनिक उचलला, तेवढ्यात मुनीरभाईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हाताचा कंप माझ्या हातात आला.

"काय करताय?"

"धुतो. स्वच्छ करू आणि परत रंगवू."

"परत कोन रंगवनार?"

थिनर बोटांवरून खाली फरशीवर टपकत होतं.

"काळं तर काळं," मुनीरभाई म्हणाले. "माझ्या हातचं हाय. धुवायचं न्हाई कुनी." मग त्यांनी स्वतः डब्याचं झाकण लावलं. ते बसायला वेळ लागला, पण मी मदत केली नाही. त्यांना ती नको होती.

त्या मे महिन्यात आम्ही पुण्याला गेलो. असे खेळणारे लोक वर्षातून एकदा एका हॉलमध्ये जमतात. टेबलांवर हिरवीगार कृत्रिम कुरणं होती आणि त्यांवर एकाहून एक सुबक फौजा. आम्ही आमची भातवडी मांडली. बरेच लोक थांबले, पागोट्यांचं कौतुक केलं, पुट्टी कुठली ते विचारलं. एक सज्जन गृहस्थ चिमट्यात धरून एक सैनिक निरखत होते. ते अगदी आपुलकीने म्हणाले, "काम फार सुरेख आहे, पण वार्निशमध्ये कचरा बसलाय. काढून टाकता येईल. मी सांगतो कसं."

मुनीरभाईंनी त्यांच्या चिमट्यातून सैनिक काढून घेतला आणि फळीवर त्याच्या जागी ठेवला. "कचरा न्हाई साहेब त्यो," ते म्हणाले. "हंगाम हाय आमचा."

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले. मी एक हत्ती सरळ करत बसलो. बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. परतीच्या एसटीत मुनीरभाई खोकं मांडीवर घेऊन बसले होते, वर ठेवायला तयार नव्हते. चौफुल्याला गाडी थांबली तेव्हा आम्ही भजी खाल्ली आणि पुढच्या लढाईचे नियम ठरवले. चिखलात हत्तीची चाल निम्मी धरायची, हा नियम तिथलाच. माझं म्हणणं पाऊण धरायची असं होतं. हत्ती माझ्याच फौजेत आहेत.

चार हंगाम झाले. जाधवकाकू आता क्लिनिंगची वेळ तांब्यांना विचारतात. मुनीरभाईंना ब्रश धरता येत नाही. आता चेहरे मी काढतो, ते भिंग लावून तपासतात आणि तिनातला एक परत करतात. "नाक?" एवढंच विचारतात. लोक अजूनही म्हणतात की आता तरी सोडा, वय झालं, हात चालत नाहीत, काय मिळतं यातून. रविवारी दुपारी एक वाजता आसिफ मोटारसायकलवरून त्यांना आमच्या दारात सोडतो. त्याने स्वतःहून वजिराच्या फौजेसाठी एक लाकडी पेटी करून आणली आहे. वर रेडियमचं नाव चिकटवलेलं नाही. कोरी आहे.

आज रविवार. दुपारी टेबल मांडलं. माझी दिल्लीची फौज तळ्याच्या अंगाला होती, चार हत्ती पुढे. काजळीचे जुने तुकडे त्यांच्या पाठीवर अजून आहेत, वार्निश खरंच टिकाऊ निघालं. मुनीरभाईंचे भालाईत चिखलाच्या कडेला आले, खाली उतरलेल्या डोळ्याचा सगळ्यांत पुढे. त्यांना मोठं दान हवं होतं. त्यांनी दोन फासे मुठीत घेतले.

"नीट हलवा," मी सवयीने म्हणालो, आणि लगेच जीभ चावली.

मुनीरभाईंनी मुठीकडे बघितलं. फासे आत खुळखुळत होते, आपोआप. "हलवायचं काय त्यात," ते म्हणाले. "हात हलतोयच."

त्यांनी मूठ उघडली. दोन्ही फासे टेबलभर फिरले आणि माझ्या हत्तींच्या पायाशी थांबले. सहा आणि सहा. माझी डावी फळी मोडली. त्यांनी त्याच हाताने माझे दोन हत्ती आडवे केले, सावकाश, एकेक करून, आणि मला मदत करू दिली नाही.

इतक्यात खिडकीतून काजळी आली. दोन तुकडे चिखलावर पडले, एक त्यांच्या बाहीवर. मी खिडकी लावायला उठलो.

"बसा," मुनीरभाई म्हणाले. "तुमची चाल हाय."